अग्निबाणाचा रेटा मोजणारी घोडी

दिवाळींत उडणारा बाण आपण सर्वांनीं पाहिलेला असतो. वात पेटली, सूं असा आवाज झाला आणि क्षणांत ठिणग्यांची रेघ आकाशांत गेली, एवढें पाहून आपण समाधान मानतों. परंतु तो बाण किती जोरानें वर गेला असें कोणीं विचारिलें, तर "फार जोरानें" यापलीकडे उत्तर देतां येत नाहीं. "फार" हें कांहीं माप नव्हे. "फार साखर द्या" असें म्हणून कोणी वाण्याच्या दुकानीं जात नाहीं. विज्ञानाच्या पेढीवरही तोच नियम आहे. बाणाचा जोर तोलावयाचा तर तराजू पाहिजे, आणि बाणानें उडून न जातां त्या तराजूवर बसून राहिलें पाहिजे. असा तराजू कसा रचावा, तो हातीं उचलून मैदानावर कसा नेतां यावा, आणि त्यावरून मिळालेल्या आंकड्यांचा अर्थ कसा लावावा, हें या लेखांत सांगण्याचा विचार आहे. सुतार ज्या टेकणाला घोडी म्हणतो, तसेंच हें एक टेकण असल्यामुळें आपण त्यासही घोडीच म्हणूं.

खेळांतील बाण व त्याचा पूर्वेतिहास

दारूचा बाण आपल्या देशास नवा नाहीं. मराठ्यांच्या लष्करी कागदपत्रांत "बाण" हा शब्द दारूच्या बाणासही लावलेला आढळतो. आणि म्हैसूरच्या हैदर व टिपू यांच्या फौजांनीं १७८० सालीं पोल्लिलूरच्या लढाईंत इंग्रजांवर असे बाण सोडले, हें प्रसिद्ध आहे. परंतु शाळकरी मुलांच्या हातीं देण्याजोगा लहान बाण निर्माण झाला तो अमेरिकेंत, आणि तोही एका दुःखद परिस्थितींतून.

४ ऑक्टोबर १९५७ रोजीं रशियाचा स्पुटनिक आकाशांत गेला, तेव्हां अमेरिकेंतील हजारों मुलांस बाण करण्याचें वेड लागलें. घराच्या तळघरांत बसून लोखंडी नळ्यांत नाना प्रकारचीं स्फोटक मिश्रणें ठासण्याचा उद्योग तीं करूं लागलीं. कित्येकांचीं बोटें गेलीं, कित्येकांचे डोळे गेले, आणि कांहीं घरांतील दिवे कायमचे मालवले. सुदैवानें यावरील उपाय आधींच तयार होत होता. नेब्रास्का प्रांतांतील नॉरफोक गांवीं ऑर्व्हिल कार्लाइल नांवाचा जोड्यांचा दुकानदार होता. त्याला शोभेच्या दारूकामाचा नाद, तर त्याचा भाऊ रॉबर्ट यास छोट्या विमानांचा. या दोघांनीं १९५४ सालीं कागदी नळीचा एक हलका बाण तयार केला. त्यांत दारू भरलेली कागदी नळी बसवावयाची, बाण उडून हवाई छत्रीनें खालीं उतरला म्हणजे जळालेली नळी काढून टाकावयाची आणि दुसरी घालावयाची. १९५७ सालीं त्यानें आपले नमुने व्हाइट सँड्स येथील अग्निबाणांच्या तळावर काम करणाऱ्या जी. हॅरी स्टाइन यांजकडे पाठविले, आणि पुढें डेन्व्हर येथील व्हर्नन एस्टीस यांनीं अशा नळ्या भराभर तयार करणारें यंत्र रचिलें. मुलानें दारूस हात लावावयाचा नाहीं, ती कारखान्यांतच भरली जावयाची, ही या खेळाची पहिली आज्ञा ठरली.

या दारूच्या नळीस मोटर म्हणतात. आपणही तोच शब्द योजूं. आपल्या देशांत १८८४ च्या स्फोटकांच्या कायद्याप्रमाणें परवान्यावांचून दारू तयार करणें गुन्हा आहे. म्हणून या लेखांत मोटर करण्याविषयीं एक अक्षरही नाहीं. जें आहे तें ती तोलण्याविषयीं आहे.

रेटा आणि आवेग

मोटरीच्या तोटींतून तप्त वायु एका दिशेस जोरानें बाहेर पडतो, म्हणून मोटर उलट दिशेस ढकलली जाते. हा न्यूटनचा तिसरा नियम तुम्हीं वर्गांत पाठ केलेला आहे. या ढकलणाऱ्या बळास आपण रेटा म्हणूं. त्याचें माप न्यूटन. एक किलोग्रॅमचें वजन आपल्या तळहातावर ठेविलें, तर तें सुमारें ९.८ न्यूटन बळानें हात खालीं दाबतें.

परंतु केवळ रेटा कळून भागत नाहीं. तो किती वेळ टिकला हेंही कळलें पाहिजे. चिखलांत रुतलेल्या गाडीला एक मोठा हिसका देणें निराळें आणि बराच वेळ खांदा लावून रेटणें निराळें. रेटा आणि काळ यांच्या गुणाकारास आवेग म्हणतात; त्याचें माप न्यूटन-सेकंद. मोटरींचे वर्ग या आवेगावरून पाडलेले आहेत. ए वर्गाची मर्यादा २.५ न्यूटन-सेकंद, बी ची ५, सी ची १०, डी ची २०. म्हणजे प्रत्येक अक्षरास मर्यादा दुप्पट होते. एखाद्या मोटरीवर "सी ६-५" असें छापलेलें असेल, तर सी हा आवेगाचा वर्ग, ६ हा न्यूटनमध्यें सरासरी रेटा, आणि ५ म्हणजे जळणें संपल्यापासून छत्री बाहेर फेकणारा बार उडेपर्यंतचे सेकंद.

या तीन खुणांवर माणसांची सुरक्षितता अवलंबून असते. बाण सुटतांना रेटा त्याच्या वजनाच्या सुमारें पांचपट असावा असा या छंदांतील अनुभवाचा नियम आहे. रेटा कमी पडला, तर बाण सळईवरून रेंगाळत निघतो, वाऱ्यानें कलतो आणि प्रेक्षकांच्या अंगावर जाऊं शकतो. पांच सेकंदांचा विलंब आठ सेकंदांचा झाला, तर छत्री उघडण्यापूर्वींच बाण दगडासारखा जमिनीवर येतो. नळीवर छापलेलें खरें आहे कीं नाहीं, हें पाहण्याचें साधन म्हणजे आपली घोडी.

तोलून पाहिल्यावांचून बोलणाऱ्यांची काय गत होते, याचें एक उदाहरण ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. बाणास ढकलण्यासाठीं मागें हवा लागते, अशी पुष्कळांची समजूत होती. अमेरिकेंतील क्लार्क विश्वविद्यालयाचे प्राध्यापक रॉबर्ट गॉडर्ड यांनीं हवा काढून घेतलेल्या भांड्यांत दारू उडवून तिचा धक्का मोजला, आणि निर्वातांतही रेटा मिळतो असें दाखविलें. त्यांचा निबंध स्मिथसोनियन संस्थेनें १९१९ सालीं प्रसिद्ध केला. तरी १३ जानेवारी १९२० रोजीं न्यूयॉर्क टाइम्स पत्रानें, हायस्कुलांत रोज शिकविलें जाणारें ज्ञानही या प्राध्यापकास नाहीं, असा टोमणा मारिला. गॉडर्ड १९४५ सालीं वारले. त्या पत्रानें आपली चूक दुरुस्त केली ती १७ जुलै १९६९ रोजीं, अपोलो ११ चे प्रवासी चंद्राच्या वाटेवर असतांना. संपादकापाशीं मत होतें. प्राध्यापकापाशीं माप होतें.

घोडीची रचना

पहिला प्रश्न, मोटरीचें तोंड कोणीकडे असावें? उडतांना तोटी खालीं असते, म्हणून घोडीवरही ती खालींच ठेवावी असें प्रथम वाटतें. परंतु मग रेटा वर लागतो आणि घोडी उचलली जाते; तिला धरून ठेवण्यासाठीं जड दगड किंवा जमिनींत ठोकलेले खुंटे हवेत. अशी घोडी सुटसुटीत कशी म्हणावी? उलट तोटी आकाशाकडे केली, तर ज्वाला वर जाते आणि रेटा घोडीला जमिनींत दाबतो. जोर वाढेल तसतशी घोडी अधिक घट्ट बसते. एवढ्या एका विचारानें तिचें वजन इतकें कमी होतें कीं ती पिशवींत घालून नेतां यावी.

दुसरा प्रश्न पायांचा. मैदान सपाट नसतें. चार पायांचें टेबल उंचसखल जागीं डुगडुगतें; तीन पायांची तिवई कधींच डुगडुगत नाहीं, कारण तीन बिंदूंतून एकच पातळी जाते. आपल्या आज्यांनीं चुलीस तीन दगड मांडले, त्यांतील भूमिति हीच. म्हणून सुमारें ३० सेंटिमीटर रुंदीचा जाड प्लायवुडचा पाट घ्यावा, त्यास बिजागरीनें मिटणारे तीन आंखूड पाय लावावे, आणि मोटरीची मध्यरेषा तिन्ही पायांच्या त्रिकोणाच्या आंत, शक्य तों मध्यावर, पडेल असें पाहावें.

तिसरा प्रश्न काट्याचा. स्वयंपाकघरांतील स्प्रिंगचा काटा येथें चालत नाहीं. स्प्रिंगवर एकाएकीं भार पडला, तर ती योग्य जागीं न थांबतां पुढें जाते, क्वचित् दुपटीपर्यंत, आणि मग वरखालीं झुलत राहते. समजा, ५ किलोग्रॅम भारानें काटा एक सेंटिमीटर खालीं जातो आणि त्याचा हलणारा भाग ३०० ग्रॅमचा आहे. तर तो सेकंदास सुमारें २० वेळां झुलेल. मोटरीचा रेटा तर सेकंदाच्या पांचव्या हिश्श्यांत शिखर गांठतो. मग दिसणारा चढउतार मोटरीचा कीं स्प्रिंगचा, हें कसें ठरवावें? यासाठीं लोड सेल या नांवानें मिळणारी ॲल्युमिनियमची पट्टी घ्यावी. हल्लीं दुकानांतील विजेच्या काट्यांत तीच असते. तिचें एक टोक पाटास घट्ट बसवावें आणि दुसरें मोकळें ठेवावें. मोकळ्या टोकावर भार आला म्हणजे पट्टी केंसभर वांकते, तिच्यावर चिकटविलेल्या बारीक तारा ताणल्या जातात, त्यांचा विद्युत्‌रोध बदलतो, आणि व्हीटस्टनच्या सेतूनें तो बदल मोजतां येतो. पट्टी अत्यंत ताठ असल्यामुळें तिचें झुलणें फार जलद व फार थोडें असतें, आणि मोटरीच्या रेषेंत तें मिसळत नाहीं.

पट्टी किती किलोग्रॅमची घ्यावी? सोनाराच्या काट्यावर मोळी तोलूं नये आणि वखारीच्या काट्यावर सोनें तोलूं नये. सी ६ मोटरीचा सर्वांत मोठा रेटा सुमारें १४ न्यूटन, म्हणजे जवळजवळ १.४ किलोग्रॅमचा भार. एक किलोग्रॅमची पट्टी त्याखालीं बिघडेल, पन्नासाची त्याची फारशी दखल घेणार नाहीं. पांच किलोग्रॅमची योग्य.

चौथा प्रश्न मोटर धरणाऱ्या नळकांड्याचा. हें नळकांडें सरळ पट्टीच्या मोकळ्या टोकावरच बसवावें, म्हणजे कोठेंही घांसणें होत नाहीं. घांसण्यांत गेलेला रेटा काट्यास कधींच कळत नाहीं. तें जाड पुठ्ठ्याचें असावें, लोखंडाचें कदापि नसावें. कारण मोटर फुटलीच, तर पुठ्ठा फाटतो आणि लोखंडाचे तुकडे गोळीसारखे उडतात. सी वर्गाची मोटर १८ मिलिमीटर व्यासाची व ७० मिलिमीटर लांब असते. तिचें खालचें टोक एका कड्यावर टेकवावें आणि कड्याखालीं मोकळी जागा सोडून समोरासमोर दोन रुंद खिडक्या ठेवाव्या. जळणें संपल्यावर छत्री फेकणारा बार याच टोकांतून उडतो. वाट नसेल, तर तो नळकांडें उधळून देईल. खिडक्या समोरासमोर असल्या म्हणजे वायु दोहों बाजूंस सारखा जातो आणि घोडी एका अंगास ढकलली जात नाहीं. शिवाय त्या बाराचा लहानसा झटका काट्यावर उमटतो, म्हणून विलंबाचे सेकंदही मोजले जातात. पट्टी आणि नळकांडें यांच्यामध्यें एक पत्रा घालावा, म्हणजे उष्णतेनें माप बिघडणार नाहीं.

पट्टीचा संदेश फार क्षीण असतो. तो वाढवून आंकड्यांत बदलणारी एचएक्स ७११ नांवाची लहान चकती आणि आर्डुइनोसारखें छोटें गणकयंत्र एवढें साहित्य पुरे. ही चकती सेकंदास १० किंवा ८० वेळां वाचन देऊं शकते. तिला ८० वर लावून घ्यावें. दहाच वाचनें घेतलीं, तर रेट्याचें शिखर दोन वाचनांच्या मधून निसटून जाईल.

काट्याची पारख व प्रयोगाची रीत

नवा काटा खरा आहे असें गृहीत धरूं नये. २००, ५००, १००० आणि २००० ग्रॅमचीं प्रमाणित वजनें क्रमानें चढवावीं, प्रत्येक वेळीं आंकडा लिहावा, मग तींच उलट क्रमानें उतरवावीं. आलेखावर हे बिंदू एका सरळ रेषेंत पडले आणि चढतांना व उतरतांना सारखे आले, तर काटा विश्वासास पात्र. हीच पारख प्रयोगानंतर पुन्हां करावी. कारण आधीं खरा असलेला काटा धक्क्यानें खोटा झाला असेल, तर मधलीं सर्व मापें व्यर्थ.

जेथें अशा मोटरी कायद्यानें मिळतात व उडवितां येतात, तेथेंही प्रत्यक्ष जाळणें हें जाणत्या वडील माणसाच्या देखरेखीखालींच व्हावें. वाळलें गवत दूर करावें, पाण्याची बादली जवळ ठेवावी. पेटवणी लांब तारेनें, विजेनेंच करावी आणि बटणाची किल्ली प्रमुखाच्या खिशांत असावी. मोटर बसवून सर्व मंडळी मागें सरल्यावरच ती लावावी. अमेरिकेंतील अग्निबाण संघटनेच्या नियमांप्रमाणें डी वर्गापर्यंत उड्डाणाच्या वेळीं निदान १५ फूट दूर राहावें लागतें. घोडीपासून आपण त्याहूनही दूर असावें. मोटर पेटली नाहीं, तर किल्ली काढून घेऊन पूर्ण एक मिनिट कोणींही जवळ जाऊं नये. अनेक अपघात उतावळेपणाचे असतात.

आंकड्यांचा हिशेब

आतां सी ६ सारख्या मोटरीचा आलेख साध्या आंकड्यांत मांडूं. समजा, पहिल्या ०.२ सेकंदांत रेटा शून्यापासून १४ न्यूटनपर्यंत चढला, पुढच्या ०.२ सेकंदांत तो ४ वर आला, १.८ सेकंदांपर्यंत ४ वरच राहिला, आणि १.९ सेकंदांस शून्य झाला. आलेखाखालील क्षेत्रफळ म्हणजेच आवेग. पहिला त्रिकोण १.४, दुसरा समलंब चौकोन १.८, मधला आयत ५.६, शेवटचा त्रिकोण ०.२, बेरीज ९.० न्यूटन-सेकंद. हा आंकडा ५ व १० यांच्यामध्यें आहे, म्हणून वर्ग सी बरोबर. परंतु सरासरी रेटा काढण्यासाठीं ९.० ला १.९ नें भागिलें, तर सुमारें ४.७ न्यूटन येतात; ६ नव्हेत! अमेरिकन संघटनेनें केलेल्या चाचण्यांतही या मोटरीची सरासरी पांचाहून थोडी कमीच आलेली आहे. नळीवरील ६ हा अंक ओळखीपुरता समजावा. हिशेबास तोललेला आंकडाच घ्यावा.

आरंभीं एवढें शिखर कां? दारूच्या तोटीकडील टोकास एक लहान पोकळी ठेविलेली असते. त्यामुळें प्रथम अधिक पृष्ठभाग एकदम जळतो आणि बाणास सळईवरून वेगानें निघण्यास बळ मिळतें. पुढें उदबत्तीप्रमाणें एकच सपाट तोंड जळत जातें, म्हणून रेटा स्थिर राहतो. तोटी वर ठेविल्यामुळें एक बारीक दुरुस्तीही लागते. जळतां जळतां मोटर सुमारें ११ ग्रॅम हलकी होते आणि तेवढा भार काट्यावरून कमी होतो. हिशेब केल्यास हा फरक एकूण आवेगाच्या शेंकडा एकाच्या आसपास येतो. लहान आहे, पण प्रामाणिक माणसानें तो टाकूं नये.

दारूवांचून प्रयोग

आपल्या विद्यार्थ्यांनीं हीच घोडी दारूवांचून चालवून पाहावी. काट्यावर ५०० ग्रॅमचें वजन हलकेच ठेवावें, घड्याळाच्या दोन सेकंदांनंतर उचलावें आणि नोंदलेल्या आलेखाचें क्षेत्रफळ काढावें. भार ४.९ न्यूटन, काळ २ सेकंद, आवेग ९.८ च्या जवळ आला पाहिजे. सी वर्गाच्या मोटरीएवढाच हा आवेग, परंतु ना धूर, ना ज्वाला. काटा, घड्याळ आणि हिशेब या तिघांचीही परीक्षा एकाच वेळीं होते, आणि आंकडा चुकला तर दोष कोणाचा हें शोधण्यांत खरें शिक्षण आहे.

हा केवळ खेळ आहे असें पालकांस वाटूं नये. केरळांतील थुंबा येथें सेंट मेरी मॅग्डलीनच्या मंदिरांतील उपासकांनीं आपलें प्रार्थनास्थळ देशाच्या कार्यास दिलें, आणि तेथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजीं आपल्या भूमीवरील पहिला संशोधन-अग्निबाण उडाला. त्याच परंपरेंतील एस २०० ही प्रचंड मोटर २४ जानेवारी २०१० रोजीं श्रीहरिकोटा येथें आडवी बांधून सुमारें १३० सेकंद जाळण्यांत आली व तिचा रेटा मोजण्यांत आला. अशाच दोन मोटरींनीं १४ जुलै २०२३ रोजीं चंद्रयान ३ यास वर नेलें. आकाशांत पाठविण्यापूर्वीं जमिनीवर बांधून तोलावयाचें, हा नियम दोनशें टन दारूस जसा, तसाच अकरा ग्रॅमांसही लागू आहे.

खोट्या तराजूविषयीं पवित्र शास्त्रानें किती कठोर शब्द योजिले आहेत, हें आपण जाणतों. तो दोष केवळ बाजारांतील नाहीं. मनाजोगतें उत्तर यावें म्हणून आंकडा जरा सरकविणारा विद्यार्थीही तोच तराजू हातीं धरितो. आणि त्याच्या आंकड्यावर विश्वासून जो उद्यां मैदानावर उभा राहील, तो कोणाचें तरी मूल असेल. म्हणून विद्यार्थी मित्रहो, वहींत तोच आंकडा लिहा, जो काट्यानें दाखविला.